सोंगाखालचा चेहरा

अंजली पगारेने चित्र बघायला खुर्ची ओढली की क्लासमधली पोरंपोरी धास्तावायची. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडून 'छान आहे' एवढे दोन शब्द काढायचे म्हणजे भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. ती आधी चित्राकडे नुसती बघत राहायची. मग माउस हातात घेऊन, पोराने आठ दिवस खपून रंगवलेलं चित्र एका टिचकीत काळंपांढरं करून टाकायची. "आता सांग, यात माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते?" रंग काढून घेतले की बहुतेक चित्रं सारखीच राखाडी दिसत, आणि पोरं मान खाली घालून बसत.

हा ॲनिमेशनचा क्लास नाशिकरोडला एका मिठाईच्या दुकानावर होता. साल २००६. त्या दोन-तीन वर्षांत शहरात असे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिका आणि मुंबईला नोकरीला लागा, असं सगळ्यांचंच म्हणणं. क्लासचे मालक ललित सर. चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ते तसं कबूल करायचे, एवढा त्यांचा मोठेपणा. ते ॲडमिशन आणत आणि शिकवायचं काम अंजलीवर सोडून देत. अंजली चौतीस वर्षांची. चित्रकलेचा डिप्लोमा झालेला. कॅनव्हासवर पोट भरेना म्हणून माउस धरलेला.

तिचे वडील भिमाजी छापखान्यात कामगार होते. बुद्धविहारात रविवारी मुलांना गोळा करून शिकवायचे. घरात एक शिस्त होती, घाबरून कुणापुढे मान वाकवायची नाही, दगडापुढे नाही, मुखवट्यापुढे नाही. समोर माणूस असेल तर त्याच्या डोळ्यांत बघायचं. अंजलीने वडिलांच्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी सोडल्या, ही मात्र हाडीमाशी भिनली होती. चित्रातसुद्धा ती आधी माणूस शोधायची. पुढे जे झालं ते या चांगल्या सवयीमुळे झालं, आणि म्हणूनच ते तिला कधी पचलं नाही.

काळू भोये सरकारी योजनेतून आला होता. आदिवासी मुलांची फी सरकार भरायचं, त्यातली सहा पोरं ललित सरांनी हरसूल-पेठकडून आणली होती. काळू हरसूलच्या आत चार किलोमीटरवरच्या खैरपाड्याचा. आश्रमशाळेत शिकलेला, विशीतला, अंगाने काटकुळा, बोलायला नकोच. क्लासमध्ये पेनने चित्र काढायची पाटी एकच होती आणि तिच्यासाठी पाळ्या लावलेल्या होत्या. काळू आपली पाळी दुसऱ्यांना देऊन टाकायचा आणि माउसनेच रंगवत बसायचा. त्याच्या माउसच्या रेषेत जी ताकद होती ती बाकीच्यांच्या पेनात नव्हती. अंजलीने हे पहिल्या महिन्यातच हेरलं होतं, पण त्याला सांगितलं मात्र नाही.

डिसेंबरात मुंबईच्या एका स्टुडिओने कळवलं की क्लासमधून दोघांना घेऊ. प्रत्येकाने एकच चित्र पाठवायचं, आपल्या मनातलं एक पात्र, पूर्ण रंगवलेलं. पोरांनी तलवारी घेतलेले योद्धे काढले, पंखवाल्या मुली काढल्या. काळूने वेताळ काढला.

खैरपाड्यावर चैत्रात बोहाडा होतो. रात्रभर संबळ-पिपाणी वाजते आणि देवांची, राक्षसांची मुखवटे घातलेली सोंगं एकामागून एक नाचत येतात. कुठलं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. वेताळाचं सोंग भोयांच्या घरचं. आधी काळूचा आजा नाचला, आजा गेल्यापासून एकोणीस वर्षं त्याचा बाप रावजी नाचत होता. रावजी वर्षातले सहा महिने दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचा. तिथे त्याला 'ए' म्हणून हाक मारत. चैत्रातल्या त्या एका रात्री मात्र अख्खा पाडा त्याच्यासाठी वाट सोडून उभा राहायचा.

काळूचा पहिला वेताळ चित्राच्या बरोबर मधोमध उभा होता, तोंड थेट आपल्याकडे, मुखवटा लालभडक, मागे नुसतं काळं. अंजलीने खुर्ची ओढली आणि बटण दाबलं. चित्र काळंपांढरं झालं. लाल मुखवटा आणि काळी रात्र एकमेकांत विरघळून गेली.

"बघ, तुझा वेताळ गेला कुठे?"

"रंगात दिसतो ना मॅडम."

"रंगावर किती दिवस निभावून नेशील? आणि मधोमध का उभा केलास? पासपोर्टचा फोटो काढायचाय का त्याचा?"

काळू हळूच म्हणाला, "त्यो समोरच बघतो मॅडम. लोकांकडं पाठ नाय करत."

"चित्रात करू दे की थोडी. एका बाजूला घे त्याला. जिकडे चाललाय तिकडे जागा सोड."

काळूने ऐकलं. वेताळ डाव्या अंगाला सरकला, खांदा जरा वळला आणि उजवीकडे अंधाराला जागा मिळाली. चित्र पहिल्यांदाच चालायला लागलं. मग रंगाची पाळी आली. अंजली म्हणाली, लाल नुसता ओरडतोय, सगळीकडे सारखाच ओरडतोय. जिथे बघावं असं वाटतं तिथेच तो ठेव, बाकीच्या ठिकाणी मार त्याला. सावल्या काळ्या नको, त्यात निळा घाल. आणि उजेड नक्की कुठून येतोय?

"दोन्हीकडनं. तेंभे असतात ना, दोन बाजूंना दोघं मशाली धरून चालतात."

"मग सपाटच दिसणार. एक मशाल विझव."

यावरही काळू जरा थबकला, पण डाव्या बाजूची मशाल त्याने विझवली. अर्धा मुखवटा निळसर अंधारात गेला आणि उरलेला अर्धा असा पेटून उठला की शेजारच्या खुर्चीवरची स्नेहल आपलं काम सोडून बघायला आली. अंजलीने स्वतःच पुन्हा ते काळंपांढरं करून बघितलं. आता वेताळ अंधारात विरघळत नव्हता. मनातून ती हरखली होती. शिकवायला लागल्यापासून तिच्या हाताखालून असं चित्र गेलं नव्हतं. इथेच थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण चांगल्या चित्राजवळ पोचलेल्या मास्तराला थांबता येत नाही, त्याला अजून थोडं हवं असतं.

"काळू, रंग झाला, रचना झाली. पण यात माणूस कुठाय?"

"हा काय."

"हा मुखवटा आहे. मुखवटा बघून मी काय करू? आत कोण आहे ते दाखव. मुखवटा कपाळावर सरकवलेला घे. खाली माणसाचा चेहरा, घामाने भिजलेला. नाचून नाचून दमलेला. मग बघ."

काळूचा हात माउसवरून उठला. "नाय मॅडम, ते नाय जमायचं."

"का?"

आजवर एका दमात चार वाक्यं न बोललेल्या पोराने मग तिला सगळं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी की एकदा मुखवटा चढला की पहाटे तो घोंगडीवर उतरवेपर्यंत आतला चेहरा कुणी बघायचा नाही. उतरवतानाही बाकीचे पाठ फिरवतात. तेवढा वेळ त्याला रावजी म्हणून हाक मारायची नाही, काळूच्या आईनेसुद्धा नाही. सोंग नाचत असताना ज्याचा चेहरा उघडा पडला त्याच्याकडून सोंग जातं. काळूने स्वतः कधी बघितला नव्हता.

अंजलीने शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्या रीतीचा राग आला. सहा-सहा महिने लोकांच्या बागेत राबणाऱ्या माणसाला देवाच्या मानाने नाचवायचं आणि तेव्हासुद्धा त्याला चेहरा असू द्यायचा नाही, हे तिला कसं पटावं? वडिलांचा आवाज तिच्या कानात होता. तिला वाटलं, आपण या माणसाला त्या लाकडाखालून बाहेर काढतोय.

"हे चित्र आहे रे. मुंबईत कोण येणार आहे खैरपाड्यावरून बघायला? आणि तुझे वडील आहेत ते, लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

दोन दिवस काळू आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पेनची पाटी मागून घेतली. आठवडाभर त्याने चेहरा रंगवला. मधे लोडशेडिंगने दोनदा काम उडालं, त्याने दोन्हीदा पुन्हा केलं. अंजली रोज मागे उभी राहायची. डोळ्यांखाली अजून थकवा आण. खालचा ओठ जरा सैल सोड. गालावर मुखवट्याचा वळ दिसू दे. काळू मान हलवायचा आणि करायचा. शेवटी पडद्यावर जो माणूस उभा राहिला त्याला बघायला ललित सरसुद्धा टेबल सोडून आले. वर उग्र लाल वेताळ, खाली एका मजुराचा थकून गेलेला, ओला चेहरा.

अंजली म्हणाली, "छान आहे." क्लासमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काळू हसला नाही.

जानेवारीत निकाल आला. काळूची निवड झाली होती. स्टुडिओने लिहिलं होतं, इतका खरा चेहरा आम्ही पुष्कळ दिवसांत बघितला नाही. ते पत्र अंजलीने तीनदा वाचलं आणि घरी नेऊन वडिलांना दाखवलं.

आता ललित सरांसारख्या माणसाच्या हातात असं चित्र पडल्यावर तो ते कपाटात ठेवेल का? पुढच्या वर्षी योजनेतून सहाच्या जागी वीस पोरं आणायची त्यांची स्वप्नं होती. त्यांनी चित्राचा दहा बाय पंधराचा फ्लेक्स छापला. वर 'आपल्या मातीतला कलाकार आता मुंबईच्या स्टुडिओत', खाली क्लासचा फोन नंबर. आणि बाजाराच्या दिवशी तो नेमका हरसूलच्या स्टँडसमोर लावला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलं नाही, एवढंच. विचारलं असतं तर अंजलीने अडवलं असतं का, हा प्रश्न तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला.

पाड्यावरच्या लोकांनी बाजाराला उतरल्या उतरल्या ते बघितलं. पंधरा फुटी रावजी, डोक्यावर वेताळ, आणि चेहरा उघडा. बायकांनी पदर डोळ्यांवर ओढले. काळू दुसऱ्या दिवशी क्लासला आला तो ललित सरांच्या टेबलापुढे हात जोडून उभा राहिला. "काढा सर, आजच काढा." सर म्हणाले, काढतो, काढतो. फ्लेक्स उतरायला आणखी दोन बाजार गेले.

तोवर पंच बसले होते. वेताळाचं सोंग रावजीकडून काढून त्याच्या चुलतभावाकडे, मल्हारीकडे दिलं होतं. एका वर्षापुरतं नाही, कायमचं. म्हणजे रावजीनंतर काळूकडे यायचं तेही गेलं.

काळू फेब्रुवारीत मुंबईला नोकरीवर गेला. बापानेच त्याला जा म्हणून सांगितलं होतं. जाताना तो अंजलीला भेटला नाही. स्नेहलचीही निवड झाली होती, तिच्याकडून मागाहून कळलं की काळूने स्टुडिओत मागून बॅकग्राउंडचं काम घेतलंय, झाडं आणि दगड रंगवतो. चेहऱ्याचं काम दिलं की म्हणतो, मला येत नाही. हे ऐकून अंजलीला दोन दिवस जेवण गेलं नाही. मुलांच्या चित्रांपुढे खुर्ची ओढून बसायची आणि काही न बोलता उठायची. पोरांना वाटलं, बाई सुधारल्या.

चैत्र लागला तशी तिला राहवेना. बोहाड्याला आठ दिवस होते. अजून वेळ आहे, पंचांना जाऊन सांगावं की हा सगळा माझा हट्ट होता, सोंग परत द्या, असं तिने ठरवलं आणि सकाळची हरसूलची एसटी धरली. स्टँडवरून पुढे काळीपिवळी जीप. खैरपाड्यावर उतरली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.

रावजी अंगणात घराच्या कुडाला, काटक्यांच्या भिंतीला, माती लिंपत बसला होता. अंजलीने त्याला लांबूनच ओळखलं. या माणसाला ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती, पण त्याच्या डोळ्यांखालची प्रत्येक घडी तिला पाठ होती. तिनेच ती सांगून सांगून रंगवून घेतली होती.

तिने आपलं नाव सांगितलं. रावजी उठला, हात धुतले आणि तिच्यासाठी बाज सावलीत ओढली. त्याच्या बायकोने, फुलाबाईने, पाण्याचा तांब्या आणून दिला. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"रावजीभाऊ, मी पंचांना भेटायला आलेय. काळू नको म्हणत होता. मी त्याच्या मागे लागले. त्याचा दोष नाही आणि तुमचा तर अजिबात नाही. हे मी त्यांना सांगते."

"त्यांना ठावं हाय ते," रावजी म्हणाला. "त्यांनी मला एकच इचारलं. रावजी, फलकावरचा चेहरा तुझाच का? मी म्हनलं, हा, माझाच. झालं."

"पण तुम्ही काही उघडं केलं नाही. ते चित्र आहे नुसतं."

रावजीने मनगटावर राहिलेली सुकी माती नखाने खरवडली. मग त्याने घराकडे बघितलं, फुलाबाई चुलीपाशी गेली होती.

"बाई, एक सांगू का? त्यो चेहरा तिथला नायच."

"म्हणजे?"

"दिंडोरीवरनं गाडीतून उतरतो ना मी, दिवस बुडताना, तवाचा हाय त्यो. दमलेला. पोरानं ल्हानपनापासून त्योच बघितला, मंग त्योच काढला. त्यो तरी काय करल? मुखवट्यात मी तसा नसतो."

 सैल सोडलेला ओठ, डोळ्यांखालचा थकवा, हे सगळं तिने सांगितलेलं. स्टुडिओने ज्याला खरा चेहरा म्हटलं तो द्राक्षबागेतला चेहरा होता. एकोणीस वर्षं, वर्षातून एका रात्री हा माणूस ज्या चेहऱ्यापासून सुटत होता, नेमका तोच तिने त्याच्या मुखवट्याखाली नेऊन बसवला होता. आणि आता ती एक रात्रही गेली.

ती ताडकन उठली. "मग हेच पंचांना सांगा ना! तो चेहरा तिथला नाहीच, तर उघडा पडला कुठे? सोंग तुमचंच राहतं. चला, आत्ता जाऊ, मी येते बरोबर."

"सांगलं असतं," रावजी म्हणाला. "मंग ते म्हनतील, हा नाय तर कसा हाय? खरा कसा हाय? ते मी बोलू का? ते बोलायचं असतं तर झाकला कशाला असता?"

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. फुलाबाई चहाचा कप घेऊन दारात आली होती आणि तिथेच उभी राहिली होती. अंजली रावजीच्या तोंडाकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांत आत्ता, हे बोलताना, क्षणभर काहीतरी हललं होतं आणि लगेच मिटलं होतं. चित्रात ते नव्हतं, कुठेच नव्हतं. ती थोडी पुढे वाकली.

"कसा असतो?" तिने विचारलं.

शब्द तोंडातून गेले आणि मगच तिला ते ऐकू आले. रोज पोरांच्या पाठीमागे उभी राहून विचारायची, अगदी त्याच आवाजात.

रावजीने मान फिरवली. तो कुडापाशी जाऊन बसला आणि दोघांत काही बोलणं झालंच नाही अशा तऱ्हेने मातीचा गोळा हातात घेतला. त्याची पाठ अंजलीकडे होती.

फुलाबाईने चहा बाजेवर ठेवला. "प्या बाई, गार व्हईल," ती म्हणाली. "आन निघा. जीप आता येईल, तिच्यामागं दुसरी नाय."

अंजलीने चहा उभ्यानेच घेतला. पंचांना भेटण्यात आता अर्थ उरला नव्हता. रावजीची माफी मागायची तशीच राहून गेली होती, आणि आता कुठल्या तोंडाने मागणार? रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ती निघाली तेव्हा रावजी कुडाला माती लावत होता, आणि ती वळणापर्यंत पोचली तरी त्याने तोंड वळवलं नाही.